किडे दाखवणारा डॉक्टर

संपादकांच्या पत्रात लिहिलं होतं, ‘जरा हलकंफुलकं द्या, पेशंट लोकांच्या गमती वगैरे.’ दाताच्या डॉक्टरकडे गमतींना तोटा नसतो हे खरं आहे. धारवाडच्या कोर्टातले एक वकील माझे पेशंट होते. ते खालची कवळी कोटाच्या खिशात ठेवायचे. उलटतपासणीची वेळ आली की चढवायची आणि काम झालं की काढून परत खिशात. एकदा घाम पुसायला रुमाल ओढला तर कवळी उडून थेट समोरच्या पक्षकाराच्या मांडीवर. तो बिचारा खेड्यातला माणूस, त्यानं हात जोडले आणि गुन्हा कबूल केला म्हणे. हा किस्सा मी लग्नाकार्यांत इतक्यांदा सांगितलाय की आता बायको मध्येच उठून आत जाते.

तर या वेळी वकिलांनाच बसवावं म्हणून कागद पुढे ओढला. चार दिवस झाले, वकील काही पुढे सरकेनात. मध्ये एक बाई येऊन उभी राहते आहे. तिच्याबद्दल मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं माहीत आहे, आणि ते अर्धंही मी माझ्या सोयीचं सांगितलेलं आहे. आता दवाखाना बंद करून बरीच वर्षं झाली, वयही झालं. तेव्हा संपादकांनी गमतीचं पान दुसऱ्या कुणाला द्यावं.

मी हिरड्यांचा डॉक्टर. दात काढणं, भरणं, बसवणं हे सगळं केलंच, पोट त्यावरच असतं, पण मुख्य शिक्षण हिरड्यांचं. सुभाष रोडवर एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझा दवाखाना होता. आठवड्यातून तीन सकाळी एका कॉलेजात शिकवायलाही जायचो. हिरडीचं दुखणं लोकांना लवकर कळत नाही, कारण ते दुखतच नाही. किडलेला दात रात्रंदिवस बोंबलतो, हिरडी मुकाट जाते. हिरडी आणि दात यांच्यामध्ये कडेला एक बारीक खाच असते. निरोगी माणसात ती दोन-तीन मिलिमीटर. आम्ही खुणा केलेली एक बोथट सळई त्यात घालून मोजतो. रोग झाला की खाच खोल होत जाते, पाच, सहा, आठ. तोवर आतलं हाड विरघळलेलं असतं. मग एक दिवस दात हलायला लागतो आणि माणूस धावत येतो.

हे कशानं होतं? पुस्तकात लिहिलेलं असतं, जंतूंमुळे. ते खोटं नाही. दात घासणं बंद केलं की दोन-तीन आठवड्यांत कुणाच्याही हिरड्या सुजतात, रक्त येतं, आणि घासायला लागलं की उतरतात. इथवर सरळ आहे. पण सुजलेल्या प्रत्येक हिरडीखालचं हाड काही विरघळत नाही. काहींची तोंडं वर्षानुवर्षं घाण असतात आणि दात खडकासारखे घट्ट. काही बिचारे दोनदा घासतात आणि चाळिशीच्या आत कवळी. एखादा जंतू एखाद्या रोगाचं कारण आहे असं म्हणायचं तर काय काय सिद्ध करावं लागतं, याचे जुने नियम आहेत, आम्हाला ते परीक्षेला असायचे. रोग्यात तो सापडला पाहिजे, निरोगी माणसात सापडता कामा नये, बाहेर काढून वेगळा वाढवता आला पाहिजे, आणि निरोग्याच्या अंगात घातला की तोच रोग झाला पाहिजे. हिरडीच्या बाबतीत यातली एकही अट धड पुरी होत नाही. कितीतरी जंतू बाहेर वाढतच नाहीत. मुद्दाम घालून बघायचे तर कुठल्या निरोग्याच्या तोंडात? आणि निरोग्याच्या तोंडात ते नसतात, हेच मुळात खरं नाही. हे सगळं मी पोरांना फळ्यावर लिहून शिकवायचो. दुपारी तीनला दवाखान्यात आलो की विसरायचो.

विसरायला कारण झालं होतं ते यंत्र. नव्वद सालानंतरची गोष्ट. मी एक भारी मायक्रोस्कोप घेतला, त्याच्यावर कॅमेरा बसवला आणि त्याची वायर एका रंगीत टीव्हीला जोडली. अख्ख्या धारवाडात तसं दुसरं नव्हतं, हुबळीतही नसावं. पेशंटच्या हिरडीखालून टोकदार हत्यारानं थोडंसं किटण काढायचं, काचेवर मिठाच्या पाण्याच्या थेंबात मिसळायचं, वर दुसरी पातळ काच ठेवायची, आणि टीव्ही लावायचा. पडद्यावर सगळं जिवंत. गोल, लांबट, आणि मधूनच स्प्रिंगसारखे वळवळत जाणारे. मी मागे हात बांधून उभा राहायचो आणि म्हणायचो, “हे बघा. हे तुमच्या तोंडात राहतात. यांनीच हिरड्या खाल्ल्या.”

परिणाम काय सांगू. वर्षानुवर्षं ब्रशला हात न लावलेले लोक खाली उतरून पहिल्यांदा ब्रश घेऊन घरी जायचे. एक निवृत्त तहसीलदार होते, ते तर दर महिन्याला ‘आमची मंडळी कशी आहेत बघू’ म्हणून यायचे आणि कमी दिसली की खूश व्हायचे. माझं नाव झालं. खेड्यांतून लोक यायचे ते पत्ता विचारतच, ‘किडे दाखवणारा डाक्टर कुठं बसतो?’ मला ते आवडायचं. आवडायचं म्हणजे फार आवडायचं.

नीलव्वा माझ्याकडे मदतनीस होती. हत्यारं उकळणं, पेशंटचं नाव लिहिणं, खुर्चीशेजारी उभं राहून लाळ ओढायची नळी धरणं, सगळं तीच करायची. मूळची कानडी, मराठी कळायचं सगळं पण बोलायची कानडीतच. तिच्या हिरड्या म्हणजे पुस्तकात छापाव्यात अशा. गुलाबी, घट्ट, कुठं टिपूस रक्त नाही. एक दिवस पेशंट नव्हते, टीव्ही लावलेलाच होता. ती म्हणाली, “सर, नंदू तोरस्री.” माझंही दाखवा. मी हसत हसत तिच्या दाढेजवळचं थोडं किटण घेऊन काचेवर घातलं.

तिच्यातही होते. कमी होते, शोधावं लागलं, पण तेच सगळे, स्प्रिंगसारखेसुद्धा. मग मी माझं लावलं. माझ्या हिरड्या ठणठणीत, आणि माझ्यात तिच्यापेक्षा जास्त.

यात आश्चर्याचं काही नव्हतं. फळ्यावर मी हेच लिहीत होतो. पण फळ्यावर लिहिणं वेगळं आणि आपल्याच दवाखान्यातल्या टीव्हीवर बघणं वेगळं. नीलव्वा म्हणाली की हुबळीजवळ अमरगोळच्या बाजारात एक बाई बसते, ती कसल्याशा बिया जाळून धूर देते आणि दाढेतून किडा काढून हातावर दाखवते, लोक तिलाही मानतात. या बाईची मी कॉलेजात नेहमी टिंगल करायचो, किडा आधीच तिच्या कापसात असतो म्हणून. नीलव्वाला त्यातून काही म्हणायचं होतं की ती सहज बोलली, मला माहीत नाही. मी टीव्ही बंद केला आणि तिला सांगितलं, हे पेशंटसमोर बोलू नकोस, त्यांचा उगाच गोंधळ होतो. तिनं मान हलवली. हे सगळं मी इतकं सविस्तर लिहितोय ते एवढ्यासाठी, की पुढे जे झालं ते अज्ञानातून झालं असं कुणी समजू नये. मला माहीत होतं.

यानंतर पाच-सहा महिन्यांनी रेणुका आली. अळणावरच्या बाजूच्या एका वाडीतलं मराठी कुटुंब, थोडी भाताची जमीन, बाकी मजुरी. नवरा परशराम अमरगोळच्या मार्केट यार्डात पोती उचलायचा आणि पंधरा दिवसांनी घरी जायचा. रेणुका एकवीस-बावीसची. सोबत सासू तानाक्का, आणि तानाक्काच्या मांडीवर सात महिन्यांची नात, भारती. परशराम दाराशी उभा. सुनेला दवाखान्यात घेऊन येणारी सासू त्या काळात आमच्याकडे फार नव्हती. तानाक्का भली बाई होती, हे मी आधीच सांगतो.

रेणुकाचे खालचे पुढचे चार दात हलत होते. सळई घातली तर सात, आठ, आठ. एक्स-रे काढला, हाड निम्म्यावर. एवढ्या लहान वयात. आणि दात मात्र स्वच्छ. राख लावून का होईना, रोज घासलेले, किटण जवळजवळ नाही. मला ते दिसलं. शेजारी तानाक्काचं तोंड मशेरीनं काळं, दातांवर किटणाचे थर, आणि ती सुपारी कडाकडा फोडत होती. तेही मला दिसलं. असा रोग काही घराण्यांतून येतो, वयात येताना सुरू होतो, त्यात बाईच्या घाणेरडेपणाचा काही संबंध नसतो, हे त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण टीव्ही तापलेला होता.

मी काच लावली. त्या दिवशी पडदा असा काही भरून आला की परशराम दारातून दोन पावलं मागं गेला. मी नेहमीचं बोललो. तानाक्का बराच वेळ बघत होती. मग तिनं मला विचारलं, “ह्ये लागट हाय का, डाक्टर?”

इथं मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी म्हटलं, “एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातात हे. उष्टं खाल्लं की जातात.” तिनं मांडीवरच्या पोरीकडे बघितलं. त्या भागात लेकराला भरवायची पद्धत अशी, की आईनं भाकरीचा तुकडा आपल्या तोंडात मऊ करायचा आणि लेकराच्या तोंडात घालायचा. तानाक्कानं तेच विचारलं. मी म्हणालो, “अजिबात नाही. हिच्या तोंडातलं पोरीला काही देऊ नका.” चांगला आरोग्याचा सल्ला दिला म्हणून मला बरंसुद्धा वाटलं. रेणुका खुर्चीत होती, तोंडात कापूस होता. तिला बोलता येत नव्हतं आणि मी तिच्याकडे बघून बोलतही नव्हतो.

सफाई केली, गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांनी या म्हटलं. त्या आल्या नाहीत. खेड्यातले पेशंट पुष्कळदा येत नाहीत, मीही विसरलो.

चार महिन्यांनी रेणुका एकटीच आली. वाळून काडी झालेली. नीलव्वानं तिला बाकावर बसवून पाणी दिलं तर तिनं पेला तोंडाला न लावता वरून ओतून घेतलं, आणि पदरानं पेला पुसून ठेवला. मग हळूहळू सगळं सांगितलं. घरी गेल्या दिवसापासून तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. पोरीला अंगावर पाजायचं बंद, कारण तोंडात आहेत तर दुधात कशावरून नसतील. झोपायला गोठ्यात. शेजारणी ती पाण्याला आली की थांबायच्या. मग परशरामनं तिला माहेरी आणून सोडलं, आणि पोरगी सासूजवळ राहिली. दूध आटून गेलं होतं. भारती रांगायला लागली हे तिनं दुसऱ्याकडून ऐकलं.

“माझ्या तोंडातलं गेलं म्हणून लिवून द्या,” ती म्हणाली. “तुमची चिठ्ठी दावली तर पोर देतो म्हणाल्यात.”

मी तपासलं. हिरड्या उतरल्या होत्या, दात हलतच होते. काच लावली. टीव्हीवर होते, अर्थातच होते, माझ्यातही होते. ती पडद्याकडे बघून रडायला लागली. आणि मग डोळे पुसून तिनं एक सरळ गोष्ट विचारली, जी मोठमोठे विद्वान विचारतात. म्हणाली, “सासूचं बी एकदा दाखवा की, डाक्टर, ह्या टीव्हीवर. तिच्यात न्हाईत काय?”

नीलव्वा हत्यारं पुसत होती, ती थांबली.

तानाक्काला बोलावून पाच मिनिटांत प्रश्न सुटला असता. तिचं तोंड पडद्यावर लावायचं, मग माझं, मग नीलव्वाचं, आणि सांगायचं, बाई, हे सगळ्यांत असतात, हिचा रोग का वाढला ते आम्हाला नक्की माहीत नाही, पण हिच्या हातचं खाल्ल्यानं किंवा हिनं पोर उराशी धरल्यानं काही होत नाही. एवढंच. पण मग त्या खोलीत मी तीन-चार वर्षं जे दाखवत आलो ते काय होतं? पुढच्याच आठवड्यात हुबळीच्या डॉक्टर मंडळींसमोर मला याच यंत्रावर बोलायचं होतं. आणि ‘मला माहीत नाही’ हे शब्द पेशंटसमोर मी तोवर कधी उच्चारलेले नव्हते. मी रेणुकाला म्हणालो, ज्याला रोग नाही त्याचं असं उगाच बघत नाहीत.

तिनं मान खाली घातली. डॉक्टर म्हणतात म्हणजे तसंच असणार. मग मी लेटरहेडवर चिठ्ठी लिहिली. सगळे जंतू गेले असं लिहिणं खोटं झालं असतं, आणि मी तर सत्यवादी माणूस. म्हणून लिहिलं, ‘प्रकृतीत सुधारणा आहे. उपचार चालू आहेत. पुन्हा तपासणी आवश्यक.’ ज्यात कुठंही अडकायला होत नाही अशी वाक्यं आम्हा डॉक्टर लोकांना झोपेतसुद्धा लिहिता येतात. तिनं ती घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आणि वाकून नमस्कार केला. मी तो घेतला.

दुसऱ्या दिवशी टेबल पुसता पुसता नीलव्वा कानडीत एवढंच म्हणाली की तुम्ही सांगू शकला असता, सर. मी तिच्यावर खेकसलो, तुला यातलं काय कळतं म्हणून. ती माझ्याकडे पुढेही बरीच वर्षं होती, पण टीव्ही लावायला सांगितलं की बाहेर जाऊन बसायची.

पश्चात्ताप होऊन मी ते यंत्र बंद केलं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही नाही. कॅमेरा बिघडला आणि त्याचा सुटा भाग मिळेना, म्हणून बंद पडलं. टीव्ही घरी गेला, त्यावर आम्ही क्रिकेट बघितलं.

दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षं गेली असतील. एक म्हातारी बारा-तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन जिना चढून आली. मला ओळख पटली नाही. तिनंच सांगितलं, तानाक्का. मशेरी तशीच होती, दातही सगळे जागच्या जागी. मुलीचे समोरचे खालचे दोन दात हलत होते. सळई घातली, पाच, सहा. बाकी तोंड लख्ख. बारा वर्षांपूर्वीचा रेणुकाचा एक्स-रे मला डोळ्यांसमोर दिसत होता, त्याच जागा.

भारतीचे दात पुढे वाचले, हे इथंच सांगून टाकतो. लवकर सापडलं, खोल सफाई केली, औषधं दिली, वर्षभर सांभाळलं. पण त्या दिवशी ते ठाऊक नव्हतं. तानाक्का कमरेत वाकून उभी होती, पोरीच्या लग्नाचं कसं होणार हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. ती म्हणाली, “हिला आईचं उष्टं पाणीबी दिलं न्हाई, डाक्टर. तुमी सांगितलं त्या दिसापासनं हिच्या आईला हात लावू दिला न्हाई. मग हिला कुठनं झालं ह्ये?”

सांगण्यासारखं बरंच होतं. पहिल्या सात महिन्यांत आईकडून आलं असेल. आजीकडून, बापाकडून आलं असेल. किंवा जंतू कुणाचेही असोत, ते हिलाच का सोसले नाहीत, हे हिच्या रक्तात असेल. यातलं कुठलंही एक मी ठासून सांगितलं असतं तर तिनं ऐकून घेतलं असतं.

“मला माहीत नाही, तानाक्का,” मी म्हणालो.

“तवा तर माहीत हुतं,” ती म्हणाली.

मग मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. तिच्या तोंडातही ते आहेत, माझ्यातही आहेत, तेव्हाही होते, आणि मला हे तेव्हाही ठाऊक होतं. भारती समोर बसून ऐकत होती, पण मी तिला बाहेर पाठवलं नाही. तानाक्का भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं फक्त त्या चिठ्ठीचं सांगितलं. रेणुका ती चिठ्ठी घेऊन वाडीत आली होती. शाळेच्या गुरुजींना बोलावून ती वाचून घेतली. गुरुजी म्हणाले, उपचार चालू आहेत म्हणजे अजून बरी झालेली नाही. रेणुका अंगणात उभी, पोरगी तानाक्काच्या कडेवर. पोरीनं आईकडे जायला हात केले होते. “मीच मागं घेतलं तिला,” तानाक्का म्हणाली. “डाक्टरानं लिवलंय म्हटल्यावर काय करू?”

परशरामनं दुसरं लग्न केलं होतं. रेणुकाचे आईबाप गेले, भावाकडे तिचं निभलं नाही. ती हुबळीत असते, कमरीपेठेत, एका खानावळीत भाकरी थापते, असं तानाक्काला कुणीतरी सांगितलं होतं. मी म्हणालो की असे रोग घराण्यात असतात, मुलीच्या इलाजासाठी आईचं तोंड बघायला हवं. ही सबब होती. बघायला हवं असं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कमरीपेठेत गेलो. चौकशी करत खानावळ सापडली. मागच्या बाजूला चार बाया ओळीनं चुलींपुढे बसल्या होत्या. रेणुकानं मला आधी ओळखलं. खालचे पुढचे दात गेले होते, त्यामुळे चेहरा म्हातारा झाला होता, वय असेल पस्तीसच्या आसपास. मी उभ्या उभ्याच बोललो, कारण बसायला जागा नव्हती आणि बसायची मला लाजही वाटली. बाकीच्या बाया ऐकत होत्या. मी काय काय केलं ते सांगितलं, सासूचं दाखवा म्हणालीस ते बरोबर होतं म्हणून सांगितलं, ती चिठ्ठी वेगळी लिहिता आली असती हेही सांगितलं. क्षमा कर म्हटलं. तिचे हात थांबले नाहीत. भाकरी तव्यावर टाकून, पाणी फिरवून ती म्हणाली, “मला ठावं हुतं, डाक्टर. हितं दहा वर्षं शंभर माणसं माझ्या हातचं खात्यात. कुणाला काय झालं न्हाई.”

मला वाटलं ती पुढे काही म्हणेल, मला चार शब्द सुनावेल. तिनं विचारलं, “पोरीचे किती हलत्यात?”

दोन, मी म्हणालो.

“माझे चार हुते,” ती म्हणाली आणि पिठाचा दुसरा गोळा घेतला. मग विचारलं, कुठल्या वारी बोलावलंय.

मंगळवारी भारती खुर्चीत होती, तोंड उघडं, गालात कापसाचे बोळे. तानाक्का भिंतीकडच्या बाकावर. नीलव्वा नळी धरून उभी होती, केस पांढरे झाले होते तिचे. जिन्यावर पावलं वाजली आणि रेणुका दारात आली. धुतलेलं पातळ, हातात काही नाही. तानाक्का उठून उभी राहिली, पुन्हा बसली. भारतीनं मान तेवढी वळवली. ही कोण, हे तिला आम्ही कुणीच सांगितलेलं नव्हतं, पण तिनं ओळखलं असावं, कारण ती कापसासकट काहीतरी बोलायला लागली.

रेणुका उंबऱ्याच्या आत आली नाही. इतक्या वर्षांत शंभर माणसांना जेवू घातलेली बाई ती, तिला सगळं ठाऊक होतं. तरी तिनं पदर तोंडावर धरला आणि मला विचारलं,

“जवळ गेलं तर चालतंय न्हवं, डाक्टर?”

मी हो म्हणालो. पण ती पदर तसाच धरून दारात थांबून होती, मी पुन्हा म्हणेपर्यंत.